‘नुसतं ऐकत राहा’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

इंग्रजी ऐकून समजावं यासाठी श्रुतलेखन करा, या माझ्या सूचनेवरच्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचे आक्षेप तीन. इंग्रजी ऐकून न समजण्याचं खरं कारण तोकडा शब्दसंग्रह, बाकी सगळा फापटपसारा. मराठी सबटायटल्स लावून रोज एक सिनेमा पाहिला की कान आपोआप तयार होतो. आणि वेग जास्त वाटलाच तर 0.75 वर ऐकावं, श्रुतलेखनासारखा शाळकरी उद्योग कशाला?

शब्दसंग्रहाचं तुमचं म्हणणं अर्धं मान्य. 100 पैकी 95 शब्द ओळखीचे असले तर साधी गोष्ट ऐकून बऱ्यापैकी कळते, आणि त्यासाठी दोन-तीन हजार मूळ शब्द त्यांच्या रूपांसह यावे लागतात. मिनिटाला 150 शब्दांच्या बोलण्यात हा हिशेब दर आठ सेकंदांना एक अनोळखी शब्द असा पडतो. त्याहून जास्त झाले की धागा तुटतो. पण मराठी माध्यमातल्या विद्यार्थ्याच्या हातात, ऐकून न कळलेल्या ध्वनिफितीचा मजकूर दिला की तो सरळ वाचतो आणि म्हणतो, ‘अरे, हे तर येत होतं!’ या मुलाला आणखी 500 शब्द पाठ करायला लावून काय होणार?

त्याची अडचण उच्चारात आहे, आणि त्यातही गंमत अशी की मराठीत रुळलेले इंग्रजी शब्दच जास्त दगा देतात. आपण ‘फोटोग्राफी’ प्रत्येक स्वर पूर्ण उच्चारून म्हणतो. इंग्रजीत आघात दुसऱ्या अक्षरावर असतो आणि बाकीचे स्वर विरघळतात, ऐकू येतं ‘फटॉग्रफी’. ‘व्हेजिटेबल’चं ‘वेज्टबल’ होतं, ‘कम्फर्टेबल’चं ‘कम्फ्टबल’. छोट्या शब्दांची तर आणखी दैना. ‘आय शुड हॅव टोल्ड हिम’ हे बोलताना ‘आय शुडव् टोल्डिम’ होतं. मग ‘हॅव’ची वाट बघणाऱ्या कानाला तो सापडणार कुठून?

अमेरिकन बोलण्यातले ‘कॅन’ आणि ‘कान्ट’ तर अर्थच उलटा करतात. होकारातला ‘कॅन’ बहुधा दबून ‘कन’ होतो. नकारात स्वर ठसठशीत ‘कॅ’ राहतो आणि शेवटचा ‘ट’ गिळला जातो. म्हणजे ‘कॅन’ स्पष्ट ऐकू आला, तर तो बऱ्याचदा नकार असतो! त्यात आपला नकार वाक्याच्या शेवटी ठणकावून येतो, ‘मी येणार नाही’. इंग्रजीतला मध्येच येऊन जातो, तोवर आपलं लक्ष शेवटाकडे.

 

आता सिनेमा. परकीय उच्चार ओळखायला शिकण्याबाबत डच श्रोत्यांवर झालेला, 2009 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे. स्कॉटिश आणि ऑस्ट्रेलियन इंग्रजी ऐकताना इंग्रजी सबटायटल्सनी त्यांना मदत झाली, मातृभाषेतल्या सबटायटल्सनी उलट अडथळा आला. कारण उघड आहे: डोळे मराठी वाचत असतील तर कानावर पडलेला आवाज कुठल्या इंग्रजी शब्दाचा, हे जुळवायला काहीच उरत नाही. सिनेमा पाहाच, पण सबटायटल्स इंग्रजी ठेवा. शिवाय चित्रावरून समजलेलं कानानं समजलं असं धरू नका. इंग्रजी क्रिकेट समालोचन कळतं, तेही बरंचसं खेळ माहीत असल्यामुळे.

0.75 वेगाबद्दल: आवाज ताणला जातो, गळालेला ‘हॅव’ परत येत नाही. वेग तोच ठेवून वाक्यखंडानंतर थांबवणं जास्त उपयोगी, कारण पुढचं वाक्य येऊन आदळण्याआधी आधीचं पचवायला वेळ मिळतो.

म्हणूनच श्रुतलेखन. मजकूर उपलब्ध असलेली 45 ते 60 सेकंदांची ध्वनिफीत घ्या. एकदा सलग ऐकून मराठीत एका ओळीत सार लिहा. मग पाच-सात सेकंदांचे तुकडे करून प्रत्येकी जास्तीत जास्त तीनदा ऐका आणि लिहा. न कळलेली जागा अंदाजानं भरू नका, रिकामी सोडा. नंतर मजकुराशी ताडून प्रत्येक चुकीवर खूण करा: शब्दच माहीत नव्हता तर ‘अ’, माहीत होता पण ऐकू आला नाही तर ‘ब’, सगळे शब्द कळूनही अर्थ निसटला तर ‘क’. वीस शब्दांमागे एकाहून जास्त ‘अ’ आले तर ध्वनिफीत अवघड आहे, बदला. ‘ब’ जास्त असतील तर फक्त त्या ओळी मूळ वेगात, बोलणाऱ्यासोबत आठ-दहा वेळा म्हणा. ‘क’ बहुधा मनात शब्दशः मराठी करत बसल्यानं होतं. तिथे लांब वाक्यं नकोत, सोपा मजकूर जास्त ऐका. रोज 15-20 मिनिटं पुरतात. दुसऱ्या दिवशी तीच ध्वनिफीत मजकूर न बघता ऐकायची, हे मात्र टाळू नका. सर्वात जास्त लोक इथेच कंटाळतात.

तुमच्या मुलीच्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेबद्दल विचारलंत. तिथल्या श्रवण चाचणीत 40 प्रश्न असतात आणि ध्वनिफीत एकदाच ऐकवतात. त्यामुळे परीक्षेआधीचे शेवटचे दोन आठवडे तुकडे पाडणं बंद करून सराव एकदाच ऐकून करू द्या. प्रत्येक भागात उत्तरं प्रश्नांच्या क्रमानंच येतात, म्हणून एखादं सुटलं की ते तिथेच सोडून पुढच्या प्रश्नावर नजर ठेवायची. सुटलेलं आठवत बसलं की पुढची दोन जातात.