मदतीचा पैसा नेमका जातो कुठे?

परदेशी मदतीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: "सगळे पैसे तिकडचे पुढारी खातात." खातात, नाही कशाला म्हणू? पण जो पैसा राजरोस, पक्क्या पावतीवर देणाऱ्याच्याच देशात परत जातो, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

देणारा देश सांगतो: पैसे आम्ही देतो, पण यंत्रं आमच्या कंपनीची घ्या, सल्लागारही आमचेच. याला 'टाइड एड', म्हणजे अटींनी बांधलेली मदत, म्हणतात. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या अंदाजानुसार अशा अटींमुळे कामाचा खर्च १५ ते ३० टक्क्यांनी वाढतो. अमेरिकी अन्नमदतीतलं निदान निम्मं धान्य अमेरिकेचा झेंडा लावलेल्या जहाजांतूनच जायला हवं, असा तिथला कायदा. (उपाशी माणूस झेंडा बघून जेवतो बहुतेक.) ब्रिटनने मलेशियातल्या पेर्गाऊ धरणाला २३.४ कोटी पौंड कबूल केले, तेही शस्त्रविक्रीच्या व्यवहाराच्या सावलीत. प्रकल्प परवडणारा नाही, असं त्यांचेच अधिकारी सांगत होते. १९९४ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने ती मदत बेकायदा ठरवली. पुढे २००१ मध्ये ब्रिटनने अशा अटी सोडल्या. म्हणजे मनात आणलं तर जमतं.

मदत कशी द्यावी, हे देणाऱ्या-घेणाऱ्या देशांनी मिळून केलेल्या २००५ च्या पॅरिस जाहीरनाम्यात पाच तत्त्वांत लिहिलेलं आहे: योजना घेणाऱ्या देशाची, खर्च त्याच्याच यंत्रणेतून, देणाऱ्यांचा आपसात मेळ, कामाचं मोजमाप, हिशेब दोघांनीही द्यायचा. २०१० साठी १३ उद्दिष्टं ठरली, गाठलं गेलं एक. टांझानियाला तर देणगीदारांना विनवावं लागलं, की अर्थसंकल्पाच्या महिन्यांत तरी शिष्टमंडळं पाठवू नका, आम्हाला आमचं काम करू द्या!

माझ्या मते पाचांतलं दुसरं तत्त्व, म्हणजे खर्च घेणाऱ्या देशाच्याच यंत्रणेतून, सगळ्यात महत्त्वाचं आणि नेमकं तेच देणाऱ्यांना नको असतं. सरकारवर विश्वास नाही म्हणून ते स्वतःचं प्रकल्प कार्यालय थाटतात, मंत्रालयातला हुशार हिशेबनीस चौपट पगारावर उचलतात आणि मग अहवालात लिहितात, "स्थानिक यंत्रणा कमकुवत आहे." अरे, कमकुवत केली कुणी?

सरकार खरंच लुटारू असेल तर पैसे थेट लोकांच्या हातात द्या. केनियात मोबाइलवरून गरीब घरांना रोख रक्कम देऊन झाली आहे आणि त्यांनी ती दारूत उडवली नाही. पण जिथे सरकार बरं आहे, तिथे पैसा त्याच्या तिजोरीत जाऊ द्या, ऑडिट कडक ठेवा आणि निविदा तिथल्या कंत्राटदारांनाही खुल्या करा.