किल तुझे, हार आमची: फॉयवरून कट्ट्यावर झालेला राडा

काल रात्री मॅच हरलो आणि त्याचं भांडण आज संध्याकाळी कट्ट्यावर आलं. कट्टा म्हणजे डोंबिवली पूर्वेला आमच्या सोसायटीच्या बंद पडलेल्या पंपरूमची पायरी, समोर चहाची टपरी, आणि आम्ही पाच जण ज्यांची वयं आता गेम खेळायची राहिली नाहीत असं पाचही घरांचं एकमत आहे.

गेम हेल लेट लूज. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दुसरं महायुद्ध, 50 विरुद्ध 50, सहा-सहाची स्क्वॉड आणि त्यात प्रत्येकाचा क्लास म्हणजे ठरलेलं काम, नकाशाचे एका रेषेत पाच भाग, सुरुवातीला दोन तुमचे दोन त्यांचे, मधला कोणाचाच नाही, आणि दीड तास ओढाताण. गोळी लागल्याची खूण दाखवणारा हिटमार्कर नाही, कोणी कोणाला मारलं त्याची यादी म्हणजे किलफीड नाही, एक गोळी छातीत बसली की बहुतेक वेळा विषय संपला. कालचा मॅप फॉय, बेल्जियममधलं बर्फातलं गाव, जानेवारी 1945, मधे उघडं शेत आणि कडेने झाडी. आम्ही जर्मन.

सम्या आला तोच पेटून. "स्कोअरबोर्ड बघितला का कोणी? कॉम्बॅटच्या रकान्यात मी अख्ख्या टीममध्ये दुसरा. दुसरा! आणि तरी आपण हरतो म्हणजे बाकीचे काय झोपले होते का?"

मधुराने चहाचा ग्लास खाली ठेवला. ही आमची ऑफिसर, म्हणजे स्क्वॉड लीडर, म्हणजे दीड तास कानात तीन ठिकाणचे आवाज घेऊन बसणारी बाई. स्क्वॉडचा वेगळा, ऑफिसर लोकांचा आणि कमांडरचा वेगळा, आणि आजूबाजूला जो कोणी बोंबलत असेल त्याचा वेगळा. ती म्हणाली, "कॉम्बॅट दुसरा ना? बरं. सपोर्टच्या रकान्यात किती होते ते सांग."

सम्या गप्प.

"क्लास कुठला घेतला होतास रे तू?"

"अगं तोच उरला होता..."

"सपोर्ट. सपोर्ट क्लास घेऊन सपोर्टमध्ये भोपळा. तुझ्या पाठीवर 50 सप्लायचा बॉक्स होता आणि मी चार वेळा माइकवर सांगितलं की चर्चच्या मागे टाक, मला अजून एक गॅरिसन बांधायचंय. चार वेळा."

आता इथे गॅरिसन म्हणजे काय ते सांगायला पाहिजे कारण सगळी मारामारी त्यावरच आहे. मेल्यावर परत कुठून उभं राहायचं याचे मुख्य तीन पर्याय असतात. एक, पार मागे हेडक्वार्टर, तिथून धावत यायला मिनिटंच्या मिनिटं जातात. दुसरा आउटपोस्ट, जो ऑफिसर हातात घड्याळ धरून लावतो पण तो फक्त त्याच्या स्क्वॉडपुरता. आणि तिसरं गॅरिसन, ज्यावरून सगळी टीम उभी राहू शकते, पण त्याला सप्लाय म्हणजे बांधायचं सामान लागतं, आपल्या हद्दीत 50 आणि शत्रूच्या हद्दीत 100, आणि ते आणणार सपोर्टवाला नाहीतर ट्रकवाला नाहीतर कमांडर विमानातून टाकणार. शत्रू जवळ आला की गॅरिसन लॉक होतं आणि त्याने एक बटण दाबून धरलं की उखडूनच निघतं, गोळी पण झाडावी लागत नाही.

काल तेच झालं. चर्चजवळचं आमचं एकुलतं एक गॅरिसन कोणीतरी दोघांनी मागून येऊन काढलं, बहुतेक रेकॉनवाले म्हणजे टेहळणीवाले, त्यांची स्क्वॉडच दोघांची असते, आणि दहा मिनिटं कोणाला पत्ता नाही. मग सगळी टीम हेडक्वार्टरवरून बर्फातून धावत येतेय आणि उघड्या शेतात पडतेय, परत उठतेय, परत धावतेय.

पक्या म्हणाला, "म्हणजे कसं माहितीये का, भांडण डोंबिवलीत आणि मेलास की दर वेळी पार कसाऱ्यावरून गाडी पकडून यायचं. आणि ती पण स्लो." यावर टपरीवाला पण हसला, त्याला गेमचं काही कळत नाही पण कसाऱ्याचं कळतं.

सम्या ऐकेना. "पण मी मारत होतो ना! मी मारले नसते तर ते अजून आधी आत घुसले असते." आता हा मुद्दा अगदीच फालतू नाही, मला वाटतं मधुराने तो जरा जास्तच झटकला. पण ती म्हणाली ते पण खरं, की तू मारलेला माणूस त्यांच्या गॅरिसनवरून लगेच परत उभा राहतोय आणि आपला मेलेला चार मिनिटांनी येतोय, मग तू एकाला दोन मारलेस तरी मैदानात माणसं त्यांचीच जास्त. "माझा आउटपोस्ट होता म्हणून आपल्या स्क्वॉडचे सहा जण तरी परत येत होते, बाकीचे 44 कुठून येणार होते, तुझ्या कॉम्बॅट स्कोअरमधून?"

मग सम्याने बॅटलफिल्ड या दुसऱ्या युद्धाच्या गेमचं नाव काढलं, तो नेहमी काढतो. तिथे बरं असतं म्हणे, स्क्वॉडमधल्या कोणाच्याही बाजूला उभे राहता येतं, बॉक्स बिक्सची कटकट नाही. अव्या, आमचा मेडिक, याच संधीची वाट बघत होता. "त्या गेममध्ये पण कॉन्क्वेस्टला तिकिटं असतात, मेलास की एक तिकीट कमी, आणि मी येऊन उठवलं तर ते तिकीट वाचतं, म्हणजे तिथे पण मी तुझ्यापेक्षा कामाचा. आणि बॅटलफिल्ड 2042 ला काय झालं आठवतंय ना, 128 माणसं कोंबली, क्लास काढून स्पेशालिस्ट आणले, कोणी काहीही घ्या. मग कोण कोणाला गोळ्या देणार आणि कोण कोणाला उठवणार? शेवटी क्लास परत आणावेच लागले." आणि मग त्याचं खरं दुखणं बाहेर आलं, की आमच्यात सगळे पडले रे पडले की मेडिकची वाट न बघता गिव्ह अप दाबतात, हा स्मोक टाकून रांगत रांगत पोचतो तोवर बॉडी गायब. हे माझ्याबद्दल होतं. मी चहा प्यायलो.

पक्या लहानपणी मंडळाकडून कबड्डी खेळायचा, त्याचं सगळं तिथेच येऊन थांबतं, पण या वेळी जमलं. म्हणे चढाईवाला बाद झाला की बाहेर बसतो, मग आत उरलेल्यांनी पकड केली की तो जिवंत होऊन आत येतो, टाळ्या चढाईवाल्याला पडतात पण त्याला आत आणणारा कोपऱ्यातला गडी असतो ज्याचं नाव पण कोणाला आठवत नाही. सम्या म्हणाला बरं, मग मी चढाईवाला. पक्या म्हणाला हो रे, पण काल तू सपोर्टच्या जागेवर उभा होतास!

इथे अव्याने एकदम नामदेव जाधवांचं नाव काढलं. नगर जिल्ह्यातले, मराठा लाइट इन्फंट्री, 9 एप्रिल 1945, इटलीत सेनिओ नदी. पदाने कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारा माणूस. बरोबरचे जवळपास सगळे पडल्यावर त्यांनी दोन जखमींना पाण्यातून, चढावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे नेलं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अव्या म्हणे बघ, आधी माणसं उचलली.

सम्याने पण वाचलेलं निघालं. "आणि मग परत जाऊन तीन मशिनगन पोस्ट उडवल्या, ते का नाही सांगत?" दोघंही बरोबर, त्यामुळे दोन मिनिटं कोणी काही बोललं नाही. खऱ्या माणसासमोर आमचा बॉक्स टाकला की नाही टाकला हा विषय तसाही जरा लाजिरवाणाच होता.

माझं पण सांगून टाकतो. मी एमजी 42 मशिनगन घेऊन वरच्या मजल्याच्या खिडकीत होतो आणि अख्ख्या मॅचमध्ये मोजून चारेक जण मारले असतील, पण एमजीचं काम मारणं नसतंच, त्या रस्त्यावर गोळ्या पडत राहिल्या की समोरच्याची स्क्रीन धूसर होते आणि तो डोकं वर काढत नाही. पण गोळ्या संपल्या. रायफलमनकडे अॅमो बॉक्स असतो आणि रायफलमन पक्या होता आणि पक्या कुठे होता ते त्यालाच माहीत, मी ओरडून ओरडून घसा बसवला, शेवटी पिस्तूल घेऊन जिन्यावर बसलो. कबड्डीचं तत्त्वज्ञान ऐकताना हे मला आठवत होतं पण चहाचे पैसे आज तो देणार होता.

"बोलणं सोपंय," मधुरा उठता उठता म्हणाली, "आज ऑफिसर सम्या."

रात्री साडेदहाला बसलो. सम्याने घेतला ऑफिसर, मधुराने सपोर्ट घेतला आणि चक्क सांगायच्या आत बॉक्स टाकला, तो पण झाडीत बरोबर जागेवर. सम्याला घड्याळ कुठल्या बटणावर असतं तेच माहीत नव्हतं. ते सापडेपर्यंत कोणीतरी दुसऱ्याच स्क्वॉडच्या ऑफिसरने येऊन त्या सप्लायवर स्वतःचं गॅरिसन बांधलं आणि सम्या माइकवर म्हणाला, "हां, परफेक्ट, मी तेच सांगत होतो."