हात बिघडतो म्हणे मोबाइलने!

मोबाइलवर गेली दोन वर्षे मनापासून छायाचित्रे काढणाऱ्या माझ्या भाचीने परवा मला एक फिरत आलेला संदेश पाठवला आणि खाली विचारले, "मामा, मग मी हे सगळे बंद करू का?" या संदेशात चार दावे आहेत: मेगापिक्सेल जितके अधिक तितके छायाचित्र चांगले, कमी उजेडात साध्या कॅमेऱ्याने काहीच निघत नाही, व्यावसायिक मंडळी महागडेच कॅमेरे वापरतात, आणि फुल फ्रेम (म्हणजे प्रकाश टिपणारा सेन्सर मोठा असलेला) कॅमेरा हाती येईपर्यंत शिकायलाच बसू नये, कारण मोबाइलने हात बिघडतो.

मेगापिक्सेलचा दावा दोन वाक्यांत निकालात निघतो. मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख पिक्सेल, अर्थात चित्राचे ठिपके; २४ मेगापिक्सेलचे छायाचित्र ६००० बाय ४००० पिक्सेलचे असते, आणि ते ज्या ४के पडद्यावर आपण कौतुकाने पाहतो त्यावर एकूण पिक्सेलच सुमारे ८३ लाख असतात. म्हणजे मोठी छपाई किंवा कातरकाम (छायाचित्राचा एखादाच भाग कापून घेणे) करायचे नसेल, तर उरलेले दिसतही नाहीत.

खरा संताप येतो तो 'हात बिघडतो' या वाक्याचा. भाचीने मोबाइलवर काढलेले एक छायाचित्र माझ्याकडे आहे: आजी खिडकीशी बसून सुईत दोरा ओवते आहे, उजेड एका बाजूने येतो आहे, त्यामुळे बोटांवरची प्रत्येक सुरकुती उठून दिसते आणि दोऱ्याचे ओले केलेले टोक चमकते. पुढे तिने मैत्रिणीचा फुल फ्रेम कॅमेरा दोन दिवसांसाठी आणला, त्यावर ८५ मिलिमीटरची लेन्स लावून प्रकाश आत सोडणारे छिद्र एफ/१.४ पर्यंत, म्हणजे खूप मोठे, उघडले आणि मीटरभरावरून तोच प्रसंग पुन्हा टिपला. त्या अंतरावर या लेन्सने जेमतेम सेंटिमीटरभर खोलीच स्पष्ट येते. परिणामी सुई लख्ख आली आणि आजीचे डोळे धूसर झाले; शिवाय या वेळी आजी भर दुपारी अंगणात बसली होती, त्यामुळे डोळ्यांच्या खोबणींत काळ्या सावल्या पडल्या होत्या. खिडकीशी कुठे बसवायचे हे तिला मोबाइलनेच शिकवले होते, आणि नव्या यंत्राच्या नादात तेवढेच ती विसरली. मग हात नक्की कशाने बिघडला?

संदेश लिहिणाऱ्याने व्हर्जिनिया शाऊ हे नाव ऐकलेले दिसत नाही. कॅलिफोर्नियात रेडिंगजवळ १९५३ साली एका पुलाच्या कठड्यावरून ट्रकची केबिन खाली लोंबकळत होती आणि आतल्या माणसांना दोराने वर ओढले जात होते. हौशी असलेल्या शाऊबाईंनी तो क्षण कोडॅकच्या ब्राउनी या साध्यासुध्या कॅमेऱ्याने टिपला, आणि १९५४ साली त्याच छायाचित्राला पत्रकारितेतले मानाचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. योग्य जागी उभे राहून योग्य वेळी बटण दाबणे हे काम ब्राउनीने केलेले नाही.

कमी उजेडाच्या दाव्यात मात्र तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो आणि त्याचे क्षेत्रफळ एपीएस-सी या लहान मापाच्या सेन्सरच्या सव्वादोन पटींहून अधिक भरते. मोबाइलमधला सेन्सर तर त्याहूनही बराच लहान. एकाच एक्स्पोजरला, म्हणजे छिद्र आणि शटरचा वेळ तोच ठेवला तर, मोठ्या सेन्सरवर एकूण प्रकाश अधिक पडतो, म्हणून अंधाऱ्या रंगमंचावरचा नाच किंवा संध्याकाळी उडणारा पक्षी टिपायचा असेल, तर मोठा सेन्सर आणि मोठ्या छिद्राची लेन्स यांना खरोखरच पर्याय नाही. पण खिडकीशी स्थिर बसलेल्या आजीला यातले काहीही लागत नाही.

राहिला व्यावसायिकांचा मुद्दा. पावसाधुळीत टिकणारा सांगाडा, धावणाऱ्या माणसावरून न ढळणारा फोकस आणि एक मेमरी कार्ड बिघडले तरी लग्नाची छायाचित्रे वाचावीत म्हणून दुसऱ्या कार्डाची सोय, यांसाठी ते पैसे मोजतात, कारण एक चूक झाली तरी त्यांचे गिऱ्हाईक जाते. भाचीचे एकमेव गिऱ्हाईक म्हणजे आजी, आणि ती दोरा पुन्हा ओवून दाखवायला केव्हाही तयार असते.