हात हलका आहे म्हणे!

आज सकाळी सासूबाईंचं रक्त न्यायला एक मुलगा घरी आला होता. डिचोलीत हल्ली घरोघरी येतात ना, स्कूटर आणि पाठीला बॅग, तशातलाच. सुई टोचली, रक्त निघालं, सासूबाई खूश. "कळलंसुद्धा नाही गं, काय हलका हात आहे पोराचा!" आणि त्या हलक्या हाताच्या पोराने सगळ्या नळ्या कोऱ्याच्या कोऱ्या बॅगेत सरकवल्या. ना नाव, ना वय, ना वेळ. विचारलं तर म्हणतो, "लेबल लॅबांत वचून लायतां, काकी." म्हणजे लॅबमध्ये जाऊन लावणार.

माझं डोकंच फिरलं. त्या बॅगेत आधीच्या घरांच्याही नळ्या होत्या.

निवृत्त झाले म्हणून काय झालं, जन्म गेला माझा लोकांच्या शिरा शोधण्यात. नळीवर नाव रक्त काढल्या काढल्या, पेशंटच्या डोळ्यांसमोर पडलं पाहिजे. आणि नाव विचारायचं ते "तुम्हीच अमक्या ना?" असं नाही. कमी ऐकू येणारी म्हातारी कशालाही मान हलवते. पूर्ण नाव आणि जन्मतारीख तिच्या तोंडून वदवून घ्यायची. आमच्याकडे एकाच वाड्यावर सारख्या नाव-आडनावाचे तिघे निघतात, हे काय मी सांगायला हवं?

माझ्या मावशीचं प्रकरण नातेवाइकांना तोंडपाठ आहे, तरी पुन्हा लिहिते. गेल्या पावसाळ्यात तिचा रिपोर्ट आला, पोटॅशियम ६.८. असायला हवं ३.५ ते ५च्या आसपास. एवढं खरंच वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, माणूस हातचा जातो. रात्री धो धो पावसात गाडी काढून बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात. मावसभाऊ स्टिअरिंगवर रडतोय आणि मावशी मागे बसून विचारतेय, गॅस बंद केला का. तिथल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो व्यवस्थित. मग त्यांनी तोच रिपोर्ट पुन्हा नीट पाहिला, तर कॅल्शियमही भलतंच खाली. तिथेच त्यांना वास आला. नवीन रक्त घेतलं. पोटॅशियम ४.२!

झालं काय होतं, तर जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं. ते पोटॅशियमचाच क्षार, शिवाय कॅल्शियमला धरून ठेवतं. लाल नळीत रक्त कमी पडलं म्हणून जांभळीतलं थोडं तिच्यात ओतलं गेलं. मावशीच म्हणाली नंतर, "हो गं, यातलं त्यात केलं त्याने. पण दुखलं नाही हं मुळीच."

दुखलं नाही! आपल्याकडे एवढी एकच परीक्षा. बाजारात बांगडा घेताना कल्ले उचलून बघणारी माणसं आपण, आणि स्वतःच्या रक्ताच्या नळीवर कुणाचं नाव आहे हे बघायची लाज वाटते. डॉक्टरांना काय वाटेल, पोराला काय वाटेल.

नळ्यांना क्रम असतो हो. आधी निळी, मग लाल किंवा पिवळी, मग हिरवी, मग जांभळी, शेवटी करडी. झाकणं रंगीत केलीत ती शोभेला नाहीत, एका नळीतलं औषध दुसरीत जाऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप. निळी तर रेघेपर्यंत भरलीच पाहिजे, नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट (तेही रक्त गोठू न देणारं औषधच), नाहीतर गोठण्याचा रिपोर्ट चुकलाच. आणि भरल्यावर हलकेच उलटसुलट करायची. आजच्या मुलाने खोकल्याच्या बाटलीसारखी खळखळून हलवली. अशाने रक्तपेशी फुटतात, फुटल्या की आतलं पोटॅशियम बाहेर, म्हणजे पुन्हा मावशीचीच कथा. लॅबवाले "सॅम्पल खराब झालं, पुन्हा द्या" म्हणतात ते बऱ्याचदा यामुळेच.

दंडाला पट्टा बांधून हा फोनवर बोलत होता. पुढच्या घराचा पत्ता विचारत. पट्टा एक मिनिटाच्या वर ठेवायचा नसतो, तुंबलेल्या रक्तात आकडे बदलतात. वर सासूबाईंना सांगतो, मूठ उघडा-मिटा, उघडा-मिटा. त्यानेही पोटॅशियम वाढतं! स्पिरिट लावलं की अर्धा मिनिट सुकू द्यायचं, मग त्या जागेला बोट लावायचं नाही. याने पुसलं, ओल्यावरच पुन्हा बोटाने शीर चाचपली आणि टोचलं. मग ते पुसणं कशासाठी?

आता सांगाल, "काकी, गर्दी असते, सकाळी सगळे उपाशी ताटकळलेले असतात." असते गर्दी, मान्य. सगळे असे नसतात, तेही मान्य. पण नाव लिहायला किती वेळ लागतो?

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. कारण त्या मुलाने मग दोन्ही हातांनी सुईला टोपण घातलं, आणि माझ्या पोटात गोळा आला. वापरलेल्या सुईला टोपण कधी घालायचं नाही रे बाबा, थेट पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात टाकायची. दवाखान्यातल्या कचऱ्याच्या २०१६च्या नियमांतही तोच डबा सांगितलाय. त्याच्याकडे डबा नव्हताच. विचारलं, हिपॅटायटिस बीची लस घेतलीस? म्हणे एक डोस. तीन लागतात. अशी सुई टोचली तर एचआयव्हीचा धोका साधारण ०.३ टक्के, पण लस नसेल तर हिपॅटायटिस बीचा ६ ते ३० टक्के. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. वय तरी काय, माझ्या धाकट्याएवढं. चहा दिला, सोबत उंडा पाव. चार वाक्यं त्याने मोबाइलमध्ये लिहून घेतली. पोर वाईट नाही.

वाईट आहेत ते मालक. ऐंशी टेस्ट अमक्या रुपयांत म्हणून पेपरात पानभर जाहिरात, आणि बारावी झालेल्या पोराला आठवडाभर कुणाच्या तरी मागे उभं करून स्कूटरवर पाठवून देतात. साखरेचं रक्त साध्या नळीत तसंच पडून राहिलं तर तासाला ५ ते ७ टक्के साखर उतरते. यांच्या पोराची फेरी संपून तो लॅबवर पोचेपर्यंत मधुमेहीसुद्धा नॉर्मल ठरायचा. मावशीच्या वेळी मालकाने काय केलं माहितेय? टेस्टचे पैसे परत दिले. त्या रात्रीचे कोण देणार होतं?

तर माझ्या यादीतल्या मंडळींनो, नळीवरचं नाव वाचा. दोनदा टोचून शीर मिळाली नाही तर दुसऱ्याला बोलवा म्हणा. डायलिसिसचा फिस्टुला (त्यासाठी ऑपरेशनने जोडलेली शीर) असलेला हात कुणालाही देऊ नका. स्तनाच्या ऑपरेशननंतर त्या बाजूचा हातही नको. उपाशी म्हणजे पाण्याचाही घोट नाही असं काही नसतं, साधं पाणी प्या, शिरा तरी दिसतील. आणि कापूस लावल्यावर कोपर दुमडून बसू नका, हात सरळ ठेवून दाबून धरा, नाहीतर काळंनिळं होतं. आमच्या सासूबाई आत्ता हात दुमडूनच सीरियल बघतायत. घरचेच ऐकत नाहीत, तुम्ही काय ऐकणार!