राडारोडा सत्कारणी लावा

घर बांधताय? मग जोत्याच्या भरावाला खाणीतली खडी आणायचा उधळेपणा करू नका. जुनं काँक्रीट फोडून केलेला माल स्वस्त पडतो, वर पर्यावरणाचं पुण्य पदरात. शिवाय एकदा फरशी बसली की खाली काय गाडलंय ते बघायला कोण येतंय?

एखादा इंजिनिअर म्हणेल, नुसतं काँक्रीट निवडून घ्या, गज काढा, क्रशरमधून काढून नीट चाळा, मग भरावाला ते उत्तम. रस्त्यांच्या थरात सर्रास वापरतात. अगदी खरं आहे. म्हणूनच ऐकू नका. निवडणं, चाळणं, तपासणं म्हणजे खर्च आला. मग स्वस्त माल स्वस्त राहतो कुठे? आपल्याला हवा तो ट्रक, ज्यात पाडलेली अख्खी इमारत येते: विटांचे तुकडे, चौकटीची ढलपी, वायरी आणि भिंतींचं जिप्सम प्लास्टर. जुने सिमेंटचे पत्रे चुरून आले असतील तर ॲसबेस्टॉस फुकटात.

बाकी काही नसलं तरी चालेल, जिप्सम मात्र हवंच. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. ओल लागली की जुन्या सिमेंटमधल्या ॲल्युमिनेटशी त्याचं सूत जुळतं आणि एट्रिंजाइटचे सुईसारखे स्फटिक धरू लागतात. एट्रिंजाइटच्या रासायनिक सूत्रात पाण्याचे ३२ रेणू असतात. एवढं पाणी प्यायल्यावर अंग फुगणारच. खाली चोपलेली जमीन, चारी बाजूंना जोत्याच्या भिंती, मग भराव बिचारा वर येतो, फरशीला घेऊन. आधी मधल्या खोलीतली टाइल टिचकी मारल्यावर पोकळ वाजेल. मग दार खाली घासू लागेल. सुताराला बोलवा, रंधा मारून घ्या. काही महिन्यांनी परत घासेल. परत बोलवा. (सुताराच्या पोटापाण्याची इतकी काळजी घेणारं दुसरं बांधकाम साहित्य माझ्या पाहण्यात नाही.)

तुमच्या ट्रकात जिप्सम निघालंच नाही तरी खट्टू होऊ नका, सल्फेट जमिनीतूनही येतं. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या हॉलोमन हवाई तळावर जुनं काँक्रीट फोडून इमारतींखाली भरलं होतं. सल्फेटने त्याला गाठलं, भराव फुगला आणि वरचं बांधकाम उचललं गेलं. सरकारी लष्करी तळावर जे जमलं ते तुमच्या दोन खोल्यांत का जमू नये?

भराव १५० ते २०० मिलिमीटरच्या थरांत टाकून, प्रत्येक थर पाणी मारून चोपायचा, असं सांगतात. एवढा वेळ कोणाला आहे? सगळे ट्रक एकदम रिते करा आणि वरून एकदा मशीन फिरवा. खालची पोकळी तशीच राहील, ढलप्या कुजून तीत भर घालतील. म्हणजे घर एका कोपऱ्यात खचेल, दुसऱ्यात फुगेल. सरासरी काढली तर जमीन सपाटच!

बारीक चुरा भरपूर असेल तर ओलही छान वर चढते. जाड, धुतलेल्या खडीत ती खालीच अडते, ही खडीची मोठी उणीव. भरावातून झिरपणारं पाणी चुन्यामुळे चांगलंच अल्कधर्मी असतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड लागला की त्याची पांढरी खपली धरते आणि ती निचऱ्याचे पाइप हळूहळू बुजवते. पाइप बुजले की पाणी तिथेच राहतं, म्हणजे वर सांगितलेल्या स्फटिकांचीही सोय झाली.

सल्फेटच्या चाचणीचा कागद मात्र चुकूनही मागू नका, पुरवठादाराचं मन दुखावतं. ट्रक रिकामा होत असताना तर तिथे थांबूच नका, उगाच डोळ्यांत धूळ जाईल.

भेगा पडल्या की मिस्त्री 'हेअरलाइन आहे साहेब' असं म्हणेल. माना. लांबी भरा, रंग मारा. आणि घर विकायचं ठरलंच तर गिऱ्हाईक यायच्या आधी सगळी दारं उघडून ठेवा. लावून दाखवायला लागू नयेत.