म्हणे, कंपनीचाच माल!

म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्येच बंद पडला, तरी तिथे बनणाऱ्या येझदी रोडकिंग मोटारसायकलचा सुटा भाग हातात ठेवताना नागपुरातले दुकानदार ‘कंपनीचाच आहे’ असे छातीठोकपणे कसे सांगतात? तीन महिन्यांत क्लच केबल तीनदा तुटली आणि पेट्रोल कॉक, म्हणजे टाकीखालची तोटी, दोनदा बदलला. काल नव्या कॉकच्या तळाशी पुन्हा थेंब लोंबकळताना दिसला, आणि मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात अंगणात बसवलेली टाकी मला पुन्हा उतरवावी लागली. वडिलांची गाडी आहे ही! क्रँकचे, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याचे, निकृष्ट सील बाहेरची हवा ओढू लागले, तर टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल कमी पडून पिस्टन जाम होतो, हे विकणाऱ्याला कळत नाही काय? माल नकली आहे, एवढे खरे सांगायला काय जाते?