नववीची पोरं जेवत नाहीत का?

सकाळपासून डोकं फिरलंय. कंपनीच्या बसमध्ये बसल्या बसल्या गावाकडचा ग्रुप उघडला, तर ४१ फोटो. आमच्या गावच्या शाळेत या जूनपासून नववी सुरू झालीय (किती वर्षं मागत होतो आपण!) आणि नववीच्या पहिल्या तुकडीला दप्तरवाटप. पोरं २३. स्टेजवर खुर्च्या १६, मी मोजल्या. प्रत्येक दप्तरावर देणाऱ्या भाऊंचा हात जोडलेला फोटो. एका फोटोत एक पोरगी आहे, दोन वेण्यांची. नवं दप्तर छातीशी धरलंय आणि जुनं पाठीवर आहे. तेही चांगलं धडधाकट. चेनसुद्धा शाबूत.

ते बघून मी शाळेतल्या सरांना फोन लावला. म्हटलं, सर, ही पोरं दुपारी काय खातात? सर हसले. म्हणाले, "ताई, आठवीपर्यंतचं शिजतं. नववीचे आता मोठे झाले ना."

मोठे झाले!

मी पण अशीच मोठी झाले होते. एका उन्हाळ्यात. आमच्याकडे तेव्हा शाळा सातवीपर्यंत, म्हणून आठवीपासून शेजारच्या गावात चार किलोमीटर चालत जायचो. आठवीत असताना व्हरांड्यातल्या पंगतीत बसून रोज खिचडी खाल्ली. जून २०१० ला नववीत गेले आणि पहिल्या दिवशी मधली सुट्टी झाल्यावर सवयीनं ताटली घेऊन पंगतीत जाऊन बसले. वाढप सुरू झालेलं. एक बाई आल्या आणि म्हणाल्या, "तू नववीत ना गं? ऊठ." रागावून नाही, साध्या आवाजात. मी उठले. ताटली घरचीच होती, ती पाठीमागे लपवली.

गंमत म्हणजे शिक्षणाच्या हक्काचा कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० ला. वय ६ ते १४. म्हणजे कायदा आला आणि दोन महिन्यांत आम्ही त्याच्यातून बाहेर. आठवीपर्यंत खिचडी, आठवीपर्यंत फुकट पुस्तकं, आठवीपर्यंत गणवेश. नववीत भूक लागत नाही, पाय उघडे पडत नाहीत, पुस्तक पाठ असतं. आणि नेमकं याच वयात पोरगा ऊसतोडीच्या मुकादमाच्या हिशेबात अर्धा कोयता होतो (नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता) आणि पोरीला बघायला पाहुणे यायला लागतात. हे मी तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही सगळे त्याच गावचे.

त्या शाळेत खिचडी करणाऱ्या मावशी होत्या. पंगत उठली की मागच्या दारातून ओरडायच्या, "ए नववी, पातेलं घासायला दोघी या गं!" आम्ही पाच जणी जायचो. पातेल्याच्या बुडाशी खरवड असायची, बोटभर जाडीची. खालून काळी, वर पिवळीधमक, तेल-हळद सगळं तिथंच उतरलेलं. उलथन्यानं खरवडली की पापुद्रे निघायचे. आम्ही चुलीमागे उकिडव्या बसून ती खायचो आणि मग पातेलं खरंच घासायचो, लख्ख. एकदा हेडसर आले. आमच्याकडे बघितलंच नाही. मावशींना म्हणाले, "रोज कशी काय करपते हो?" मावशी म्हणाल्या, "चूल म्हातारी झालीय सर."

मला वर्षभर वाटत होतं की त्यांना खिचडी नीट करता येत नाही. दहावीत गेल्यावर कळलं, त्या शेवटी मुद्दाम जाळ वाढवायच्या. हजार रुपये महिना मिळायचे त्या बाईला, तेही वर्षातले दहाच महिने. तिनं कुठं स्वतःचा फोटो छापला नाही.

दप्तरं वाईट नाहीत, कबूल. आणि हे सरकारचं काम आहे, तेही कबूल. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना काढलीय, त्यामुळे सरकार काहीच करत नाही असंही म्हणत नाही. पण तालुक्याच्या गावी पोरगी एकटी ठेवायला आई तयार पाहिजे ना. माझी आई झाली नसती. दिवाळी झाली की आई-बाबा कारखान्याला आणि मी आजीजवळ. आजी पहाटे मजुरीला जायची. डब्यात रात्रीची भाकरी, तीही असली तर.

आणि ज्या पोरांना आजी नाही ती? ती आई-बापाबरोबर ऊसतोडीच्या गाडीत. गावातलं हंगामी वसतिगृहसुद्धा आठवीपर्यंतच. पुन्हा आठवी! कुणी आखली ही रेघ, त्याला एकदा आमच्या व्हरांड्यात ताटली घेऊन बसवायला पाहिजे.

कर्मवीर भाऊराव पाटलांची, आपल्या अण्णांची जयंती आपण ग्रुपवर दरवर्षी साजरी करतो, फुलं, हार, स्टेटस. त्या माणसानं साताऱ्यात बोर्डिंग काढलं १९२४ ला आणि हायस्कूल १९४० ला. आधी पोरांच्या जेवणाची सोय, मग हायस्कूल. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं ते बोर्डिंगातल्या पोरांच्या दाण्यासाठी, दप्तरासाठी नाही.

जरा जास्तच बोलले का? दुपारी जेवताना विचार केला, मी तरी इतक्या वर्षांत काय केलं? गणपतीची वर्गणी दिली आणि जत्रेला जाऊन आले. मंदिराच्या रंगाला दोन हजार दिले, त्याची पावती अजून पाकिटात आहे. त्यामुळे भाऊंना फार बोलायचा हक्क मलाही नाही. त्यांनी निदान काहीतरी दिलं.

पण हिशेब करून बघा. एका ताटाला २५ रुपये धरले तर २३ पोरांचे दिवसाला ५७५. शाळेचे २०० दिवस धरा, एक लाख पंधरा हजार. ग्रुपवर आपण २११ जण आहोत. माणशी वर्षाला साडेपाचशे रुपये सुद्धा होत नाहीत. पुण्यात एका रविवारी आपण हॉटेलात किती उडवतो?

संध्याकाळी सरांना परत फोन केला. म्हणाले, सरकारी तांदळाला हात लावता येणार नाही, पण तुमचा तांदूळ वेगळा आला, हिशेब वेगळा ठेवला, तर शाळेच्या समितीपुढे ठेवतो, चूल काय तीच आहे. पोरामागं १५० ग्रॅम म्हणजे दिवसाला साडेतीन किलो. डाळ-तेल वेगळं. स्वयंपाकाच्या ताईंना वरचे पैसे द्यायचे, त्यांना फुकट राबवायचं नाही, हे मी आधीच सांगितलंय. पहिल्या महिन्याचा तांदूळ माझ्याकडून. ज्याला यायचंय त्यानं मला फोन करा. बॅनर नाही, फोटो नाही.

दिवाळीनंतर ज्यांचे आई-बाप जातील त्यांच्या रात्रीच्या भाकरीचं काय करायचं, ते मला अजून सुचलेलं नाही. सरांनी मोजलंय, २३ पैकी १४ जणांच्या घरी मुकादमाची उचल, म्हणजे ऊसतोडीचे आगाऊ पैसे, आलीय.